पेटीच्या पोटातली हवा

(नाशिक, १९९४. पितृपक्षातली एकादशी, दुपार टळलेली. मखमलाबाद रस्त्याला फुलमळेवाल्यांची आळी. एका घराचं दार आतून बंद. नवसाबाई बाहेर, प्रतिभा आत.)

नवसाबाई : डोकं दुखतंय तर दुखू दे. मी काय तुझं डोकं न्यायला आले का? पेटी दे म्हणतेय. कडी काढ.

प्रतिभा : मावशी, आज नको ना.

नवसाबाई : आज नको म्हंजे? एकादस आज हाय, उद्या नाय. कुसाबाईनं घर सारवून सतरंजी टाकून ठेवलीय. मागच्या एकादशीला भजन तुझ्या घरी झालं, पेटी तुझ्याकडं राहिली. आज भजन तिच्या घरी, पेटी तिच्याकडं. आपलं मंडळ निघाल्यापासनं हेच चालत आलंय.

प्रतिभा : पेटी बिघडलीय.

नवसाबाई : काय झालं तिला?

प्रतिभा : एक पट्टी दाबली की वर येत नाही. आणि भाताही... भाताही धड चालत नाही.

नवसाबाई : आगं, काल दुपारी तर वाजत व्हती! कुसाबाईची सून मागल्या बांधाला शेवंती खुडत व्हती, तिनं ऐकली. मला म्हणाली, प्रतिभाताई आज एकट्याच बसल्यात वाटतं वाजवत. आन् एका रात्रीत भाता बिघडला?

प्रतिभा : टाळांवर म्हणा ना आजचा दिवस.

नवसाबाई : टाळांवर! पेटी नसली की कुसाबाई एका गावाला जाते आन् धोंडाबाई दुसऱ्या. मधल्या मधी माझा जीव जातो. ते जाऊ दे. खरं सांग. गोकुळाष्टमीला मी चारचौघींत बोलले, प्रतिभा भजन लय पळवती म्हणून, त्याचा राग धरलाय ना?

प्रतिभा : नाही हो मावशी. देवाशपथ नाही.

नवसाबाई : एकादशीच्या दिवशी शपथा घालू नको. राग असंल तर मला चार शब्द सुनव, मी ऐकून घेईन. पण पेटी मंडळाची हाय. ती अशी कडी लावून ठेवायची नाय.

प्रतिभा : तुम्ही जरा दारापासून लांब उभ्या राहता का?

नवसाबाई : आता लांब आणि कशाला?

प्रतिभा : राहा ना. पायरीवरून खाली उतरा.

नवसाबाई : बाई, अख्ख्या आळीला झालंय तरी काय! तो चक्कीवाला देवराम तोंडाला फडकं बांधून दळण देतोय. सुरतेला प्लेग आलाय, सुरतेला प्लेग आलाय, दुसरा शब्द नाय. सकाळी गोटीरामच्या उकिरड्यावर मेलेला उंदीर सापडला तर बाप्ये पळाले घरदार टाकून. नंतर कळलं, त्यानं स्वतःच औषध घातलं व्हतं. हसू येतं आन् भ्यावही वाटतं. आमच्या सुनेला, मनीषाला तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाय. ओली बाळंतीण, लेकरू अजून मूठ उघडत नाय. रेडिओवर सुरतेचं नाव आलं की कान दाबून धरते पोरगी... प्रतिभा? आगं, रडती का?

प्रतिभा : नाही.

नवसाबाई : मग नाक कशाला ओढती?... थांब. हे कोण खोकलं?

प्रतिभा : मीच.

नवसाबाई : तुझा खोकला मला माहीत नाय का? शेजारी बसते ना तुझ्या! हा बाप्याचा खोकला हाय. ललित आजारी हाय?

प्रतिभा : ते मळ्यात आहेत. वेदिकालाही बापाजवळ तिथंच ठेवलंय, खोपीत. मीच सांगितलं, घरी येऊ नका.

नवसाबाई : का म्हणून?

योगेश : ताई, सांगून टाक. मावशी, मी आहे, योगेश. येवल्याचा. भाऊबीजेला आलो होतो तेव्हा तुमचा मृदंग वाजवला होता.

नवसाबाई : योगेश? तू तर... तू तर सुरतेला व्हता ना रे? साडीच्या मिलमधी?

योगेश : होतो. मिलला टाळं लागलं. सगळेच पळाले. एस्टीत बसायला काय, उभं राहायला जागा नव्हती. खिडकीतनं चढलो, सापुताऱ्यापर्यंत एका पायावर आलो. आपल्याला तर वाटलं, सुटलो. कालपासून ताप चढला.

प्रतिभा : मावशी?... मावशी, ऐकताय ना?... योगेश, गेल्या रे त्या.

योगेश : जाणारच ना. आपणही गेलो असतो.

नवसाबाई : गेले नाय. हितंच हाय. पेरूखाली.

प्रतिभा : एवढ्या लांब?

नवसाबाई : पाय आपणहून आले गं. मी नाय आणले. का रे योगेश, तुला येवला नाय का दिसला? आईकडं जायचं सोडून आमच्या आळीत आलास! लेकराबाळांच्या वस्तीत!

योगेश : आईला दमा आहे, मावशी. आणि तेव्हा अंगात तापबिप काही नव्हतं. असतं तर वणीलाच उतरून गडाच्या पायथ्याशी बसलो असतो.

प्रतिभा : त्याला बोलू नका हो. मी घेतलं त्याला घरात. भाऊ दारात उभा राहिला, तर त्याला काय विचारायचं, तू कुठून आलास म्हणून?

नवसाबाई : चुकलं. तोंडातनं निघून गेलं. उपाशी पोटी जीभ वढाळ होती... छातीत दुखतं का त्याच्या? थुंकीतनं रक्त?

प्रतिभा : रक्त नाही. थंडी वाजते, अंग भाजतं. खोकल्यावर बरगडी धरतो.

नवसाबाई : काखेत, जांघेत गाठ?

योगेश : नाही. सारखा चाचपून बघतोय. बघून बघून दुखायला लागलंय, तर आता वाटतं, आहे की काय.

नवसाबाई : मग दवाखान्यात का नाय नेलं पोरी? कालपासनं नुसती कडी लावून बसली!

प्रतिभा : कसं नेऊ? देवराम म्हणतो, नेतात ते परत आणत नाहीत. घरातल्यांनाही उचलतात. वेदिकाला घेऊन गेले तर? आणि समजा, काही नाही केलं त्यांनी. आळीला कळेल ना? चार दिवसांवर घट बसतायत. सगळा झेंडू तोडायला आलाय. या घरातल्या फुलाची माळ कोण घालेल देवीला? आयुष्यभर म्हणतील, त्या प्लेगवाल्यांचा मळा.

नवसाबाई : देवरामाचं काय ऐकती! त्याला पांढरं दिसलं की बगळा, मग ती कोंबडी का असंना.

प्रतिभा : पण तुम्हीसुद्धा पेरूपर्यंत गेलातच ना?

नवसाबाई : गेले.

प्रतिभा : मग?

नवसाबाई : मग काय. खरंय तुझं. मी भ्याले. आन् पेटीचं काय? सरळ सांगायचं ना, घरात दुखणं हाय म्हणून. बिघडली काय, पट्टी बसली काय. कोनाड्यात ठेवून दिली असती तरी मी पदरानं पुसून नेली असती.

प्रतिभा : म्हणूनच. तुम्ही नेली असती. मावशी, काल दुपारी तो तापात बडबडायला लागला. साचे बंद करा, साचे बंद करा म्हणत होता, मिलमधले माग ते. त्याला काही सुचेना, मलाही सुचेना. म्हणून पेटी काढली. मी वाजवत होते आणि भाता त्यानं हलवला. लहानपणी आम्ही असंच करायचो, मी पट्ट्यांवर आणि हा भात्यावर. तोंड अगदी भात्याला लावून बसला होता. आणि खोकत होता.

नवसाबाई : बरं, मग?

प्रतिभा : ती हवा आत आहे ना! त्याची. पेटीच्या पोटात. आज कुसाबाईकडं तुम्ही सगळ्या गोल बसाल, पेटी मधोमध. पहिला सूर धरला की तीच हवा बाहेर येणार. पेटीच्या सगळ्यात जवळ तुम्ही बसता. तिथून घरी जाल, हातपाय धुवाल आणि बाळाला घ्याल.

नवसाबाई : आगं आई...

प्रतिभा : तेच डोळ्यांसमोर येतं. झोप नाही. पेटीला गोधडी गुंडाळून माळ्यावर टाकलीय. रात्री वाटायचं, ती वर एकटीच श्वास घेतेय.

नवसाबाई : असं राहतं का गं दुखणं पेटीत?

प्रतिभा : मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?

नवसाबाई : मला कुठनं? मला तर पेटी उघडून आत काय असतं तेबी माहीत नाय. इतकी वर्षं तिच्या जिवावर गातेय.

योगेश : ताई, मी चालत जातो ना दवाखान्यात. रस्ता विचारत विचारत. माझं नाव सांगेन, तुझं नाही सांगणार.

प्रतिभा : गप्प पड. उभा राहिलास तर भिंत धरावी लागते तुला.

नवसाबाई : प्रतिभा, ऐक. रिक्षावाला मी आणू शकते. गोटीरामचा पुतण्या हाय. पण त्याला खरं सांगावं लागंल, आन् खरं सांगितलं की तो येणार नाय. खोटं सांगून मी कुणाला ह्या दारात आणणार नाय. त्यालाबी लेकरं हायेत. राहिला फोन. कोपऱ्यावरच्या बूथवरनं दवाखान्याची गाडी बोलवायची.

प्रतिभा : बूथ चक्कीला लागून, देवराम असतो तिथं दिवसभर!

नवसाबाई : असतो. मी आत बोलणार आन् बाहेर दळणाच्या रांगेपर्यंत जाणार. ते झाकत नाय. म्हणून तुला विचारतेय. तू हो म्हण, तर जाते. नाय म्हणलीस तरी मी कुणाला सांगणार नाय, पण मग आज रात्री माझ्यानंबी झोपवणार नाय.

प्रतिभा : वेदिकाला नेलं तर?

नवसाबाई : तपासतील. तपासू दे. लेकीला काय असंल तर ते झाकून कमी व्हईल का? योगेश बरगडी धरतोय, उद्या तू धरशील. मग ह्या दाराची कडी आतनं काढणार कोण?

योगेश : ताई.

प्रतिभा : थांब रे... मावशी, तुम्ही आता घरी कशा जाल? दारापाशी उभ्या होतात इतका वेळ.

नवसाबाई : जाणारच नाय. मनीषाला निरोप धाडते, तुझ्या आईला बोलावून घे म्हणून. मी मारुतीच्या पडवीत राहीन, डाक्टर सांगंल तवर. लेकराला लांबनं बघंन. तेच जड हाय बघ. सकाळी त्यानं माझं बोट धरलं व्हतं, सोडवून आले. पेटी आणायची व्हती ना.

प्रतिभा : माझ्यामुळं.

नवसाबाई : कुणामुळं नाय. हो म्हण.

प्रतिभा : हो... जा. पण परत याल ना? नाही, यायला नकोच खरं. पण याल का?

नवसाबाई : पेटी काढ माळ्यावरनं.

प्रतिभा : पेटी? आता?

नवसाबाई : काढ. नुसता सूर धर. आपली काळी चार. बूथपर्यंत ऐकू येतो, मला ठाऊक हाय, तू रोज सकाळी बसती तवा येतोच. सूर येतोय तवर मी समजंन की घरात ठीक हाय. माझे पाय चालतील.

प्रतिभा : आणि ती हवा?

नवसाबाई : तुझ्या घरातली हवा तुझ्याच घरात निघंल. निघू दे. खिडकी लावून घे आन् वाजव.

योगेश : ताई, दे, भाता मी...

प्रतिभा : तू हात लावू नकोस. तू नुसता पड. मी एका हातानं हलवते. गोधडी धर तेवढी... मावशी, निघालात?... गेल्या. योगेश, डोळे मिटू नकोस. माझ्याकडं बघ.

योगेश : बघतोय. ताई, तू पळवतेस.

प्रतिभा : एकच तर सूर आहे. तो कसा पळेल?

योगेश : भाता पळतोय.

प्रतिभा : पळू दे. सूर तुटला नाही ना? तेवढं बघ.

योगेश : नाही तुटला... बाहेर कोणी तरी आहे.

नवसाबाई : मी हाय. सोडू नको, धरून ठेव. फोन लागला. गाडी निघतेय म्हणाले. तोंडाला ओला रुमाल बांधा दोघंबी. पहिलं औषध देतात, मग तपासतात, असं म्हणाली ती बाई. गोड बोलली. मला वाटलं व्हतं, ओरडंल.

प्रतिभा : देवराम होता?

नवसाबाई : व्हता. चक्की बंद करून पळाला.

प्रतिभा : म्हणजे कळलं सगळ्यांना.

नवसाबाई : कळलं. भजनाच्या बायका आल्यात. कुसाबाई हाय, धोंडाबाई हाय. रस्त्याच्या पल्याड उभ्या. पदर तोंडाला लावलेत.

प्रतिभा : काय म्हणतायत?

नवसाबाई : भ्याल्यात. कुसाबाई रडतेय, पण जाईनाबी.

प्रतिभा : टाळ आहेत का हातात?

नवसाबाई : हायेत. वाजवायचं ध्यान नाय कुणाला.

प्रतिभा : मावशी, गाडी येईपर्यंत तुम्ही पेरूखालीच उभ्या राहाल ना? मला दिसत नाही आतून. नुसतं माहीत असू दे.

नवसाबाई : पेरूखाली नाय.

प्रतिभा : मग कुठं?

नवसाबाई : त्याच्या अलीकडं. पायरीपाशी. तू सूर धर.