दामले काकांचं तिकीट लावलेलं पाकीट

काकू, आणि नोव्हाय गावच्या मराठी मंडळींनो,

बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. किळस येतेय म्हणून. मघापासून या शोकसभेत आपण एकेक जण उठून दामले काकांना ज्ञानी म्हणतोय, ऋषी म्हणतोय. शी! त्यांच्या पत्राला उत्तर कोणी दिलं होतं?

काका मोटार कंपनीतून रिटायर झाले आणि लायब्ररीत जाऊन बसायला लागले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका निसर्ग-अभ्यासकाची पत्रं वाचायचे. रोजची, साधी पत्रं. पोट बिघडलंय, कुत्रा आजारी आहे, आणि तुमच्याकडची मधमाशी कुठल्या फुलावर बसते तेवढं कळवा. मला म्हणायचे, "सुधा, त्याने माळ्याला विचारलं, पोस्टमास्तरला विचारलं. आणि त्यांनी उत्तरं दिली गं."

मग काकांनी आपल्याला विचारलं. दर वर्षी मार्च लागला की प्रत्येक घराला एक पत्र. एकच प्रश्न. हिवाळा सरल्यावर तुमच्या बॅकयार्डात पहिला रॉबिन पक्षी कधी दिसला? सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. याहून सोपं काय असतं? इथल्याच एकाने काकांचा पत्ता खोडून त्या पाकिटातून गॅसच्या बिलाचा चेक पाठवला. वर पॉटलकच्या जेवणात ते हसत हसत सांगितलं. आपण सगळे हसलो. मीही हसले.

तुम्ही निदान गप्प बसलात. मी काय केलं ते ऐका. गेल्या वर्षी अख्खा मार्च आम्ही नागपुरात होतो, माझ्या भावाच्या लग्नाला. परत आलो तर किचनच्या टेबलावर काकांचं पत्र. मी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. लिहिलं, अठरा मार्च. टाकलं पाकिटात, सुटले एकदाची. उलट टपाली काकांचे आभार आले. रॉबिन कुठे बसला होता, असंही विचारलं होतं. मी लिहिलं, मेपलच्या झाडावर. काडीची लाज वाटली नाही.

परवा काकूंनी काकांची वही माझ्या हातात दिली. आपल्या सगळ्या घरांची नावं, आणि पुढे कोरं, कोरं, कोरं. माझ्या नावापुढे काय आहे ते वाचते.

"सुधाकडे पहिला रॉबिन चोवीस मार्चला, कुंपणावर. टपाल आत ठेवायला गेलो तेव्हा मी स्वतः पाहिला. सुधा अठरा लिहिते. सुधा नागपुरात होती. असो. उत्तर तरी आलं."

आमच्या घराची किल्ली काकांकडेच होती. स्वतःचं पत्र माझ्या टेबलावर त्यांनीच ठेवलं होतं. खोटं लिहिताना मला एवढंही आठवलं नाही.

ते 'असो' म्हणाले. मला तसं म्हणता येत नाही.

आता उभे राहू या. पण आज माना खाली घालू नका, डोळे मिटू नका. मार्च चालू आहे आणि हॉलला मागे मोठी खिडकी आहे. दोन मिनिटं गप्प राहून बाहेर बघा. वही काकूंपाशी आहे. काही दिसलं तरच लिहा.