मंगल, साइज चौदा

…आन् वर मलाच इचारतात, "धनाजीराव, ही लग्नपत्रिका हाय का समन्स?" अहो, काय चुकलं माझं? बत्तीस वर्षं झाली, धाराशिवला कोर्टासमोर टायपिंग करतोय, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, आन् कॉम्प्युटरात मराठी लावलं की मंगल फॉन्ट आपसूक पुढं येतो, दुसरं अक्षर हुडकत बसतंय कोण? प्रतिज्ञापत्र मंगलमधी, वारसाचा अर्ज मंगलमधी, मग थोरल्या पोरीची, प्रतीक्षाची, पत्रिकाबी म्या त्यातच केली! साइज चौदा, मथळा ठळक, खाली रेघ. मंगल वाईट न्हाय, तुम्हाला सांगतो!

स्वच्छ दिसतो. कुठल्याबी मशीनवर उघडा, अक्षराचे चौकोन होत न्हाईत. फकस्त… त्याला तोंडच न्हाय हो! जन्मलेलं लेकरू काय, मेलेला माणूस काय, दोघांचा दाखला सारखाच दिसतो.

माझ्या लग्नाची पत्रिका तुळजापूरच्या महालिंगप्पा पेंटरनं हातानं लिहिली होती, मग छापली. काय माणूस! 'श्री' काढताना श्वास रोखायचा. मी काही बोललो की, "धन्या, गप! श्री चाललाय." नवरीच्या नावावर तर अर्धा तास! "लेकीचं नाव हाय, घाई करू नगं." आमच्या सास्तूरच्या धुरपताआत्याला वाचता येत न्हाय, पण ती पत्रिका लांबूनच बघून म्हणली, "लगीन हाय व्हय रं?" गेले बिचारे महालिंगप्पा. तसं अक्षर आता कुठं बघायला मिळतंय? लई आठवण येते.

आन् त्याच आत्यानं म्या टाइप केलेली पत्रिका बघितली आन् पेटीत कुलपात घातली! मला फोन, "धन्या, नोटीस आलीया. भूकंपानंतर मिळालेलं घर काढून घ्यायलेत का रं?"

"आत्या, प्रतीक्षाची पत्रिका हाय ती!"

"मला येडी समजतूस व्हय? सरकारी अक्षर वळखू येतंय मला. तूबी त्यांच्यातलाच!"

फोन बंद! आता सांगा, आई गेल्यावर मला ह्याच बाईनं वाढवलं, तिच्याबिगर मांडवात उभं कसं राहायचं? दोनदा सास्तूरला गेलो, तर म्हातारी वकिलाला गाठायला लोहाऱ्याला! मंगल वाईट न्हाय हो… पण त्या दिवशी एसटीत बसून रडलो मी. खोटं कशाला बोलू?

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा पस्तीसचा. आमच्या भावकीत एकच्या आधी कुणी फिरकत न्हाय, जेवणालाच येतात. मी दहाला हॉलवर गेलो आन् बघतो तर काय… समदी भावकी दाराशी रांगेत! प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स! आन् सगळ्यांच्या म्होरं आत्या, नवं लुगडं, काखेत घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी. मी गळ्यातच पडलो. ती कानात म्हणती, "रडू नगं. समदी कागदं आणलीत. साहेब कुठं बसलाय?"

आन् गेली की तरातरा स्टेजवर! तिथं नवरदेव, कोट घालून, मोठ्या खुर्चीत. पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, हात जोडले. पोरगं गुणाचं हो! त्यानं एक-एक पावती बघितली, मान हलवली, म्हणला, "आजी, घर तुमचंच हाय. बसा आता."

तवा कुठं म्हातारी हसली, आन् अक्षता कुठंयत म्हणून इचारलं तिनं.

काय करता? मंगल वाईट न्हाय, तुम्हाला सांगतो… धाकटीच्या पत्रिकेवर आता गोल शिक्काबी मारतो!