हॉल रिकामा आहे

(जुनं सिनेमा थिएटर सकाळीच पाडलं. आता दुपार. ढिगाऱ्यापुढे थिएटरचा ऑपरेटर, त्याची मुलगी आणि पाडकामावरचे साहेब.)

ऑपरेटर : तुम्ही जिवंत माणसावर थिएटर पाडलंत, साहेब!

मुलगी : बाबा, हळू. पोलीस बघतायत.

ऑपरेटर : बघू देत. आमचा डोअरकीपर आत आहे.

साहेब : आत कोणी नाही, असं तुम्हीच सांगितलंत. ही तुमची सही.

ऑपरेटर : माझीच. तीच खातेय मला.

साहेब : घरी गेला असेल तो.

मुलगी : मी जाऊन आले. काकू दारात उभ्या आहेत. काकांचा फोन लागत नाही.

साहेब : मग कशाच्या जोरावर सही ठोकलीत?

ऑपरेटर : टॉर्चच्या. खेळ सुटला की तो अकराशे खुर्च्यांमधून फिरायचा आणि बाल्कनीतून दोनदा टॉर्च मारायचा. म्हणजे हॉल रिकामा. मग मी मेन बंद करायचो. चौतीस वर्षं! सकाळी तुम्ही विचारलंत, तेवढ्यात वर अंधारात दोनदा उजेड झाला. तोंडातून निघून गेलं, रिकामा आहे. टॉर्च मारणारा आत असतो, हे डोक्यातच आलं नाही हो!

साहेब : पाडायच्या इमारतीत फेरी? खुळाच म्हणायचा.

मुलगी : माझ्यामुळे. चार वर्षांची होते, बाल्कनीत झोपले आणि कोंडले गेले. सापडले तेव्हा रडून आवाज गेला होता. तेव्हापासून रांग न् रांग बघितल्याशिवाय काकांनी कधी कुलूप लावू दिलं नाही.

ऑपरेटर : झुंबर उतरवलंत, खुर्च्या उपटल्यात, छतावरचे रंगवलेले ढगसुद्धा खरवडून नेलेत. माणूस तेवढा उतरवायचा राहिला!

साहेब : संध्याकाळपर्यंत जागा सपाट हवी, वरून आदेश आहे. आणि आत कोणी सापडलंच, तर पहिली बेडी तुम्हाला. बाई, न्या ह्यांना घरी.

मुलगी : बाबा, चला ना...

ऑपरेटर : घाला बेडी. आत्ता घाला. पण आधी उपसा!

मुलगी : आई गं, पोकलेन सुरू केला! बाबा, बाल्कनीचा जिना ह्याच कोपऱ्यात ना? त्याच्याखाली पोकळी राहिली असेल?

ऑपरेटर : असेल. अख्खा दगडी होता. फुल्ल हाऊसची गर्दी पेलायचा.

मुलगी : साहेब, मलाही भीती वाटतेय, तुमच्याएवढीच. ड्रायव्हरला थांबवताय, की मी त्या यंत्रापुढे जाऊन बसू? बोला ना!