कोकणचा टाकळा, आमचा तरोटा

माणूस गेल्यावर त्याचं मोबाईलवरचं काम कुणी करायचं? मोठा भाऊ गेल्यापासून मी सगळ्यांना विचारतोय. दादा रानभाज्यांच्या वेबसाइटवर एकाच भाजीची वेगवेगळी नावं एकत्र करायचा. शेवटी मीच त्याचा मोबाईल उघडला आणि कोकणातल्या टाकळ्याचे सगळे फोटो आपल्या तरोट्याच्या नावाखाली घातले. भाजी तर एकच!

लगेच त्या वेबसाइटवर रत्नागिरीच्या एका ताईंचा मेसेज आला. "अहो दादा, आमचा टाकळा कुठे गेला?"

मी लिहिलं, "आमच्या तरोट्यात शिजून राहिला."

"फोटो तर टाकळ्याचे जास्त. ज्या नावाचे फोटो जास्त, ते नाव वर. हा नियम तुमचाच ना?"

दादा गेला, हे मला लिहिता येईना. "व्हय ताई, चुकलं," एवढंच लिहिलं.

जिवंतपणी मी त्याचं एकही ऐकलं नाही. त्या दिवशी आमच्या सेनगावच्या एसटी स्टँडवर बसून टाकळा वर घेतला, तरोटा खाली.