किंचाळणारं टूल

बायको: बंद करा आधी ते! इतकं किंचाळतंय की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

नवरा: लोखंड कातायचं लेथ मशीन आहे, आवाज होणारच.

बायको: लेथला नावं ठेवू नका. टूल नुसतं घासतंय, कापत नाहीये. कुठलं आणलंत?

नवरा: अख्खी पेटी आणलीय. अकरा टुलं, कार्बाइडची. दुकानदार म्हणाला, आयुष्यभर बघायला नको.

बायको: रंग बघून घेतलेली दिसतायत. ही धार लोण्यात तरी जाईल का? कार्बाइडला दणकट मशीन लागतं. तुमच्या या खेळण्याला काय झेपणार ते! साधी एचएसएसची, म्हणजे हायस्पीड स्टीलची कांडी आहे?

नवरा: एक फुकट मिळाली होती. बोथट निघाली.

बायको: बोथट नाही हो, कोरी आहे ती! धार आपण लावायची असते. द्या इकडे. आणि चष्मा द्या. वाचायचा नव्हे, ग्राइंडरचा!

(ग्राइंडर सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो.)

नवरा: सारखी पाण्यात का बुडवतेस?

बायको: बोटं भाजतात म्हणून. धारेखाली उतार ठेवायचा, नाहीतर टुलाचं पोट घासतं. हं, बसवा. इतकं खाली नको, लोखंडाच्या बरोबर मध्यावर! खाली पत्र्याचा तुकडा सारा. आता करा सुरू.

नवरा: अगं, आवाजच गेला! आणि लोखंड बघ कसं चकाकतंय. तुला हे येतं?

बायको: कारखान्याच्या टूलरूममध्ये सहा वर्षं काय झाडू मारत होते?

नवरा: मला वाटायचं, तू तिथं कागदपत्रं सांभाळायचीस.

बायको: विचारलंत कधी? लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईंनी माझी काळी नखं पाहिली. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप हजर, नोकरी सोड.

नवरा: आईची इच्छा होती.

बायको: आणि तुमची?

नवरा: मी काही बोललो नाही.

बायको: बत्तीस वर्षं नाही बोललात. आणि आता निवृत्त झाल्यावर माझं काम तुमचा छंद!

नवरा: चुकलं माझं.

बायको: हं.

नवरा: खरंच चुकलं. तेव्हा बोलायला हवं होतं मी. उद्यापासून तू चालव, मी बाजूला उभा राहतो.

बायको: आत्ताच राहा. उजेड अडवताय.