वाघिणीचा ठिपका

नाई, बाबाराव काका, कागद ठेवा टेबलावर, मी वाचतो, पण सही मांगू नका. बसा ना जी, उभे काऊन राह्यले? दुकानात कोणी येत नाई आता, लोकं फॉर्म भराले बी तालुक्याले चालले, त्याच्यानं निवांत बोलता येते. पाहू काय लिवलं — 'माझी मुलगी काजल हिचा यात काही दोष नाही' — अक्षर काजलचंच हाये ना? ओळखतो मी. चार महिने ग्रामपंचायतीत माह्या हाताखाली होती. पोरगी चांगली हाये, मी कवा नाई म्हटलं? पण कौशल्याबाई गेली ना काका. मोहफुलं वेचाले वाकली अन् वाघिणीनं जागच्या जागी धरली. मंग गाव कोणाचं तरी नाव घेणारच. स्क्रीनपाशी कोण बसे? काजल. गाव एवढंच पाहते. अन् तिले कामावरून मी नाई काढलं, महादेवराव सरपंचांनी काढलं, त्याइले विचारा.

हो, ती स्क्रीन बनवली मीच. गावात दुसरं कोण बनवणार होतं? वाघिणीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यातून दर तासाले ती कुठं हाये ते कळते, ते आपल्या भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल ठिपक्यानं दाखवायचं — एवढंच काम. बाया टोपली घेऊन निघाल्या का पह्यले पंचायतीसमोर थांबत, ठिपका पाहत, मंग ठरवत कोन्या बाजूचा मोह वेचायचा. उद्घाटनाले केवढं कौतुक झालतं माहं! महादेवराव म्हणे, रजत, स्क्रीन जिवंत वाटली पाह्यजे, कोपऱ्यात घड्याळ टाक. टाकलं. सेकंदासेकंदाले पळते. आता लोकांना काय वाटन? घड्याळ चालू हाये म्हणजे वाघीण बी चालू हाये. घड्याळाचा अन् ठिपक्याचा काई संबंध नाई काका, दोन्ही अलग-अलग हायेत — पण हे कोणाले सांगायचं?

नाई, बिघडली नव्हती. बिघडली कशाले म्हणता? तुम्हाले समजन असं सांगतो. माहिती बाहेरून येते, एका जागी साठते. स्क्रीननं तिथं नाव नोंदवून ठेवायचं — काई बदललं का मले हाक मार. पेपर लावतो ना आपण, तसं. नाव मी नोंदवलंतं. हाक बी बरोबर येत होती. पण हाक आली का स्क्रीन काय करते? मागचा डबा अन् आताचा डबा पाहते. डबा नवा असन तं उघडते, तोच असन तं म्हणते, काई बदललं नाई, राहू द्या. अन् मी दर वेळी नवी माहिती जुन्याच डब्यात भरत होतो. डबा तोच, आतली भाजी रोज वेगळी. त्याच्यानं सकाळी एकदा उघडला का ठिपका दिवसभर तिथंच. वाघीण चार कोस चालून गेली तरी ठिपका तिथंच. एका ओळीची चूक हाये. एका ओळीची! दर वेळी नवा डबा द्यायचा, झालं.

कवा कळलं म्हणजे? ... आता कळलं, सारं झाल्यावर... मंग ती रोज पायटे कशाले जाये, म्हणता? कोण, काजल? ती — बरं, ऐका. माघातच कळलंतं मले. ठिपका हालत नाई, अन् पान नव्यानं उघडलं का टुणकन दुसरीकडं जाते. म्हटलं, नेटवर्क असन. मंग समजलं नेटवर्क नाई. पण तवा हातात दहा कामं होते, अन् उद्घाटनाले आठ दिवस नव्हते झाले, कोन्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून काजलले म्हटलं, बाया निघायच्या आधी, पावणेपाचले, पान नव्यानं उघडायचं एक बटण दाबत जाय. कशाले, ते नाई सांगतलं. तिनं बी नाई विचारलं. रोज गेली बिचारी. एक दिवस खंड नाई. त्याच दिवशी तेवढी नाई गेली, अन् तिचा तरी काय दोष, ताप होता अंगात, आवाज पार बसला होता —

... लोकंच सांगत होते. आवाज बसल्याचं. कौशल्याबाई गेल्यावर गावाची सभा झाली, तवा तुम्हीच नाई का सांगतलं? ... नाई सांगतलं?

असे पाहू नका काका. पाणी देऊ? ... आलता. हो, आलता तिचा फोन. सव्वाचार वाजले होते. म्हणे, दादा, उठता येत नाई, आईले पाठवू का बटण दाबाले? मी झोपेत होतो. म्हटलं, राहू दे, झोप तू, एका दिवसानं काई होत नाई. काकूले पाठवलं असतं तं मले समजून सांगा लागलं असतं ना, कोणतं बटण, कशाले दाबायचं. त्याचा कंटाळा आला. खरं सांगतो, निव्वळ कंटाळा. अन् सभेत तिनं एकदा सांगतलं का दादाले फोन केलता, तं मी साऱ्या गावासमोर बोललो का मले फोनबिन काई आला नाई. काजल माह्याकडंच पाहत होती. तिनं दुसऱ्यांदा सांगतलं नाई. तिनं ओरडून सांगतलं असतं तं कदाचित मी — जाऊ द्या.

म्हणून सही करता येत नाई मले. समजून घ्या. तिचा दोष नाई म्हटलं का मंग कोणाचा, हे विचारतीनच. प्रकरण पोलिसात जाईन. तिचं काय, वर्ष-दोन वर्षांत लोकं विसरतीन.

ती ओळ सुधरवली? नाई सुधरवली अजून. ... काऊन म्हणजे? फाइलीले तारीख पडते काका. बाई मेल्यावर एक ओळ बदलली असं दिसलं का चौकशीवाला पह्यले तेच धरन. चौकशी होऊन जाऊ द्या, मंग करतो. तोवर मीच जातो ना पावणेपाचले. बारा दिवस झाले, रोज जाऊन दाबतो. बाया म्हणतात, रजतभाऊ किती काळजी करते गावाची. घास उतरत नाई ते ऐकून, आईची शपथ.

आज नाई गेलो. आज गरज नव्हती. आज कौशल्याबाईची तेरवी हाये, सारं गाव तिकडं, पायटेपासून बाया चुलीपाशी बसल्या, कोण जाते आज जंगलात? म्हटलं, एक दिवस तरी झोपू. तुम्ही बी तिकडंच चालले असान ना, पंगत बसतच असन आता. कागद घेऊन जा हा. जे बोललो ते बोललो, बाहेर विचारलं तं मी म्हणीन, बोललोच नाई. उठा. मले बी शटर पाडून पंगतीले जा लागते.

... तुम्हाले नाई बलावलं? ... कोणालेच नाई, घरातल्या? ... हो, तसं असन, त्याइच्या घरी माणूस गेलं, त्याइचा बी राग... मंग काकू घरीच असतीन, काजलजवळ.

मोहावर? आज? ... एकट्या? ... हो, बाया सोबत घेत नाईत आता, ऐकलं मी. म्हणून आज कोणी नाई तं चार फुलं जास्त भेटतीन म्हणून गेल्या. ... कवा निघाल्या? ... स्क्रीन पाहून गेल्या? पाहूनच गेल्या? काय म्हणल्या? ठिपका पहाडापल्याड हाये? — काका, तो कालचा हाये. तो काल पायटेचा हाये. आता दहा वाजले, यायले पाह्यजे होत्या ना आतापावतर? फोन हाये त्याइच्याजवळ? ... नाई. बरं. थांबा. थांबा, इथूनबी दिसते, लॅपटॉपवर दाबतो मी, एका मिनिटाचं काम हाये, उघडून राह्यलं — हे पाहा, आलं —

काका, काकू कोन्या बाजूनं गेल्या?