पाढेबाईंचा नन्नाचा पाढा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठाची शोभा वाढवणारे प्रमुख पाहुणे, संस्थेचे सन्माननीय विश्वस्त, आज ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून इथे जमलो त्या आपल्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या थोरल्या भगिनी, माझे सहउद्योजक, आणि मागे दाराशी उभं राहून 'ही किती वेळ घेणार' असा चेहरा केलेल्या सर्व मित्रहो, आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

माझ्यावर आज दोन कामं सोपवली आहेत. एक, बाईंचा गौरव करायचा. दुसरं काम आज सकाळी अध्यक्षमहोदयांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, "भाषणाच्या शेवटी सभागृहाच्या वतीने बाईंना विनंती करा, की एवढ्यात निवृत्त होऊ नका, अजून दोन वर्षं थांबा. भर सभेत टाळ्या पडल्या, की त्यांना नाही म्हणता यायचं नाही." आणि मी म्हटलं, "हो." अध्यक्षमहोदय, तुम्ही हे अगदी मनापासून सांगितलंत हे मला माहीत आहे. बाईंनंतर ही संस्था कोण चालवणार याची काळजी आम्हालाही आहे. तेव्हा त्या विनंतीकडे मी येतेच. पण आधी बाई.

बाईंचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे. पण आम्हा उद्योजकांत ते कुणी घेत नाही. आम्ही त्यांना पाढेबाई म्हणतो. (बाई, आज तुमच्या तोंडावर म्हणतेय, सांभाळून घ्या.) आपल्या इथल्या तंत्रज्ञान कंपन्यांना अमेरिकेच्या बाजारात उभं राहायला मदत करायची, हे या संस्थेचं काम. आता मदत म्हटल्यावर तुम्हाला काय वाटतं? कुणीतरी ओळख करून देईल, चार फोन करील, विमानात बसवून देईल. आम्हीही त्याच भरवशावर आलो होतो. आणि इथे येऊन बघतो तर काय, एक बाई लांबलचक टेबलाच्या पलीकडे बसून भल्या भल्या कंपन्यांच्या मालकांकडून नन्नाचा पाढा पाठ करून घेतायत!

आमची कंपनी तशी लहान. मी आणि माझा दादा. शीतगृहातल्या कॉम्प्रेसरला चिकटवायचं एक छोटंसं यंत्र आम्ही बनवतो. ते दिवसभर कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत बसतं, आणि तो बिघडायच्या आधी माणसांना सावध करतं. इथे चार ठिकाणी ते बसवलं, पण तेवढ्यावर कारखाना चालणं कठीण होतं. अमेरिकेत जमलं तर जमलं, नाहीतर कुलूप, अशी वेळ आली होती. दादाने तर घरात कुणाशी बोलणंच सोडलं होतं.

तर आम्ही गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी ते शांतपणे चाळलं, उलटं करून टेबलावर ठेवलं, आणि विचारलं, "तुमचं यंत्र काय काय करत नाही?"

दादा म्हणाला, "तसं काही नाही हो. सगळंच करतं."

"मग एवढ्यात तिकडे जाऊ नका," बाई म्हणाल्या.

दादा बाहेर येऊन जिन्यातच तडकला. "ही बाई आपल्याला मदत करणार की आपली फजिती?" मी म्हटलं, दोन्ही करील असं दिसतंय. आणि तसंच झालं. कंपनीची तिकडची नोंदणी, विमा, करारनामा वाचणारा तिकडचा वकील, यंत्रावरचे सेल्सियसचे आकडे काढून फॅरनहाइटचे घालणं, तिकडचा दिवस सुरू असताना फोन उचलायला माणूस बसवणं, हे सगळं बाईंनी चोख करून घेतलं. एकही गोष्ट त्यांनी अर्ध्यावर सोडली नाही, आणि आम्हालाही सोडू दिली नाही. ते सगळं सरळ होतं. सरळ नव्हती ती तालीम.

तालीम अशी. बाई चष्मा नाकावर ओढायच्या, खुर्चीत मागे रेलायच्या आणि एकदम अमेरिकन गिऱ्हाईक व्हायच्या. "तुमचं यंत्र आमच्या जुन्या यंत्रणेला जोडता येईल का? पुढच्या महिन्यात मिळेल का? रंग बदलून द्याल का?" आणि जे आपल्याकडे नाही, त्याला आपण नाही म्हणायचं. नुसतं नाही. 'नाही, पण' असं म्हटलं की बाई पेन्सिलीने टेबलावर टक् करायच्या. 'बघू', टक्. 'प्रयत्न करतो', टक्. 'अशक्य असं काही नसतं', टक् टक्. या सभागृहातल्या किती जणांच्या कानात ती पेन्सिल अजून वाजते? हात वर करा बघू. पाहा अध्यक्षमहोदय, निम्मं सभागृह!

हसण्यावारी नेऊ नका, कारण हे आपल्याला खरंच जमत नाही. आपल्याकडे पाहुणा काही मागतो, तेव्हा हो म्हणणं ही रीत आहे. होईल की नाही ते नंतर बघता येतं. समोरच्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून कुणाचं अडत नाही. तिकडे त्या 'हो'वर समोरचा माणूस आपलं पुढचं सगळं वेळापत्रक बसवतो. ही एवढीशी गोष्ट कळायला आपल्यातल्या हुशार हुशार लोकांना केवढा वेळ लागला! दादाचं तर तोंडच उघडेना. नाही म्हणताना त्याला घाम फुटायचा, आणि लगेच 'पण' बाहेर पडायचं.

शेवटी बाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाल्या, "नाही म्हणायचं आणि लगेच घोटभर पाणी प्यायचं. तोंडात पाणी असलं की 'पण' म्हणता येत नाही." हा ग्लास पुढे सगळ्यांच्याच नशिबी आला. दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारे आमचे मित्र इथे बसलेत, ते तर म्हणतात, 'तालमीच्या दिवसांत पाणी पिण्यापलीकडे मला दुसऱ्या कशाला वेळच उरला नव्हता.'

मग आम्ही अमेरिकेला गेलो. औषधं थंड ठेवणारी एक मोठी कंपनी होती, तिच्या देखभाल विभागाचे प्रमुख समोर बसले होते. धिप्पाड गृहस्थ, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. यंत्र त्यांना आवडलं होतं हे दिसत होतं. आणि त्यांनी विचारलं, "आमच्या निम्म्या गोदामांत पट्ट्यावर चालणारे जुने कॉम्प्रेसर आहेत. त्यांच्यावर चालेल ना हे?"

चालत नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. त्याचा हो म्हणायचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते, भुवया आधी वर जातात. त्या वर गेल्या. इकडचा कारखाना, आमची माणसं, सगळं त्या भुवयांवर लटकलेलं. आणि दादा म्हणाला, "नाही." म्हणाला आणि समोरचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

ग्लास रिकामा होता. कुणी पाणी भरलंच नव्हतं! पण दादा तालमीतला माणूस. तो रिकामा ग्लास तसाच तोंडाला लावून बसला. ते गृहस्थ बघतायत, मी बघतेय. ग्लास काही खाली येईना. शेवटी ते उठले, कोपऱ्यातला जग आणला आणि दादाच्या हातातल्या ग्लासात पाणी ओतलं. मग म्हणाले, "बरं. मग कुठल्या कॉम्प्रेसरवर चालतं, ते दाखवा."

त्यांनी आम्हाला नव्या कॉम्प्रेसरचं एक गोदाम दिलं. पुढे आणखी दिली. जुन्या कॉम्प्रेसरचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं, ते आम्हाला आजही मिळालेलं नाही, हेही सांगायला हवं. नाही म्हटल्यावर दर वेळी पाण्याचा जग घेऊन कुणी येतंच असं नाही. इथे असेही उद्योजक आहेत ज्यांनी नाही म्हटलं आणि हातचं काम गेलं. ते बाईंशी भांडायला आले, बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी नवं गिऱ्हाईक शोधायला बसल्या. पण आमचा कारखाना आज सुरू आहे, दादा घरात बोलतो, अंमळ जास्तच बोलतो, आणि हे बाईंचे उपकार आहेत. बाई, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

आता दुसरं काम.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी आतल्या खोलीत भाषणाची उजळणी करत होते. तिथे बाईंच्या थोरल्या भगिनी बसल्या होत्या. त्यांना मी ताईच म्हणते. ताई सांगू लागल्या, की नदीकाठी त्यांचं घर आहे, त्या एकट्या असतात, आणि माडीवरची खोली त्यांनी धाकटीसाठी रंगवून ठेवली आहे. पडदेही स्वतः शिवले. बाई निवृत्त होणार म्हणून. मग इथे विनंती झाली, बाई थांबल्या. ताईंनी खोली पुन्हा रंगवली. पुन्हा विनंती झाली, पुन्हा बाई थांबल्या. "आता मात्र मला रंगवता यायची नाही," ताई म्हणाल्या, "डोळे चाललेत माझे." डॉक्टरांनी सांगितलंय की हळूहळू जातील, थांबवता येणार नाहीत. "फोनवर हिचा आवाज येतो गं. पण फोनच्या पडद्यावर हिच्या चेहऱ्याच्या जागी मला नुसता डाग दिसतो. ही आली की आधी हिला खिडकीत उजेडाला बसवणार आहे आणि नीट बघून घेणार आहे. पुढचं पुढे."

मी म्हटलं, "ताई, पण बाई तर सगळ्यांना नाही म्हणायला शिकवतात. मग स्वतः का नाही म्हणत?"

ताई हसल्या. "हिला? हिला कधी आलंय नाही म्हणायला? शाळेत अख्ख्या वर्गाची चित्रं हीच रंगवून द्यायची. कुणी काही मागितलं की झाली ही उभी. शेवटी आईने हिच्यासमोर ग्लास ठेवायला सुरुवात केली. म्हणायची, आधी घोटभर पाणी पी, मग बोल. तरी नाही जमलं ते नाहीच जमलं."

मंडळी, मला गलबलून आलं. ज्या ग्लासावर आमच्यापैकी कितीतरी जण तिकडे तरून गेले, तो मुळात बाईंसाठी भरलेला होता. आणि त्यांचा तो तसाच राहून गेला.

म्हणून अध्यक्षमहोदय, क्षमा असावी. सकाळी जिन्यात मी तुम्हाला हो म्हटलं, ते जुन्या सवयीने म्हटलं. तिथे पाणी नव्हतं. इथे आहे. तेव्हा बाईंनी थांबावं अशी विनंती मी या सभागृहाच्या वतीने करणार नाही.

नाही.

थांबा हं, घोटभर घेते.

आपण मला बोलायची संधी दिलीत, माझी बडबड शांतपणे ऐकून घेतलीत, त्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे, विश्वस्तांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मर्यादा ओलांडली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर धाकटी समजून पदरात घ्या. एकच मागणं आहे. इतक्यात टाळ्या वाजवू नका. टाळ्यांनी बाई विरघळतात.

बाई, राहायचं की जायचं, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी कोण सांगणार? पण तुमच्यासमोरचा ग्लास मी मघाशी स्वतः भरून ठेवलाय, रिकामा नाही. आणि विचारायला अध्यक्षमहोदय तुमच्या शेजारीच बसलेत. विचारा अध्यक्षमहोदय, तुम्हीच विचारा. तुमच्या मनात आहे तर विचारायलाच हवं.

बाई, अहो, ग्लास नंतर. आधी बोलायचं असतं, तुम्हीच शिकवलंय.

मोठ्याने, बाई.

आलं. मागच्या दारापर्यंत ऐकू आलं. ताई, तुम्हाला आलं ना ऐकू?

बाई, आता पाणी प्या.